मागच्या महिन्याची गोळी

कुत्र्याला हृदयकृमीचे प्रतिबंधक औषध द्यावे की न द्यावे, हा प्रश्न ह्यूस्टनमध्ये आणि पुण्यात एकाच शब्दांत विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर दोन्ही ठिकाणी एकच असेल असे मानण्याचे कारण नाही. या रोगाचा निकाल लावतात ते त्या त्या ठिकाणचे डास, तिथले तापमान आणि शेजारपाजारच्या कुत्र्यांच्या रक्तात फिरणारे कृमी. अडचण अशी की या विषयावरचा सहज हाती लागणारा बराचसा मजकूर अमेरिकेत आणि तिथल्या कुत्र्यांसाठी लिहिलेला असतो, आणि तो वाचून मुंबईचा किंवा नाशिकचा श्वानपालक एक तर विनाकारण धास्तावतो, नाही तर ‘हे सगळे औषध कंपन्यांचे खेळ’ म्हणून हात झटकून मोकळा होतो. ही दोन्ही टोके टाळायची असतील, तर कृमी काय करतो आणि औषध त्याच्यावर नेमके कधी चालते, हे आधी पाहावे लागते. औषधाविषयीची एक गोष्ट तर अशी आहे की ती लक्षात न आल्यामुळे पुष्कळांचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

हृदयकृमीचे शास्त्रीय नाव डायरोफिलेरिया इमिटिस. फिलाडेल्फियाचे जीवशास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी १८५६ मध्ये त्याला दिलेला ‘इमिटिस’ हा लॅटिन शब्द ‘निर्दय’ या अर्थाचा आहे, आणि १९११ मध्ये मिळालेल्या ‘डायरोफिलेरिया’ या प्रजातीच्या नावात ‘भयंकर धागा’ असा अर्थ दडलेला आहे. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, शिजलेल्या शेवईसारखी पांढरट आणि बारीक असते. नर तिच्या जवळजवळ निम्मा. नाव हृदयकृमी असले तरी त्याचा मुख्य मुक्काम फुप्फुसधमन्यांत, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांत असतो, आणि कृमींची गर्दी वाढली की ते मागे सरकत हृदयाच्या उजव्या कप्प्यांत उतरतात. एक कृमी पाच ते सात वर्षे जगतो. त्या काळात धमनीचे आतले अस्तर खरखरीत आणि जाड होत जाते, रक्त ढकलताना हृदयाला अधिकाधिक जोर लावावा लागतो, आणि धावणारे कुत्रे आधी खोकू लागते, मग जिन्यात थांबू लागते, आणि पुढे त्याच्या पोटात पाणी साठते. पहिली दोन-तीन वर्षे मात्र बाहेरून काहीच दिसत नाही असेही होते, म्हणून ‘आमचे कुत्रे ठणठणीत आहे’ हा या रोगापुरता पुरावा ठरत नाही.

विदर्भातल्या वाचकाला हा कृमी तसा परका नाही. माणसाला हत्तीरोग देणारा वुचेरेरिया बँक्रॉफ्टी आणि हा हृदयकृमी एकाच कुळातले. दोघांनाही डास लागतो, आणि दोघांच्याही माद्या अंडी घालण्याऐवजी जिवंत पिल्ले सोडतात, जी रक्तात फिरत राहतात आणि ज्यांना सूक्ष्मकृमी किंवा मायक्रोफिलेरिया म्हणतात. माणसाच्या रक्तातले असे सूक्ष्मकृमी टिमथी लुईस यांनी १८७२ मध्ये कोलकात्यात पाहिले, आणि कुत्र्याच्या शरीरात हा कृमी डासाच्या दंशातून शिरतो, हे ग्रासी आणि नोए या इटालियन शास्त्रज्ञांनी १९०० मध्ये दाखवून दिले. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये हत्तीरोगाविरुद्ध घरोघर देण्यात आलेल्या तीन औषधांपैकी आयव्हरमेक्टिन हे औषध तर कुत्र्याच्या महिन्याच्या गोळीतही असते.

बाधित कुत्र्याला डास चावला की रक्ताच्या घोटाबरोबर सूक्ष्मकृमी डासाच्या पोटात जातात, तिथे दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेची अळी बनतात आणि त्याच्या सोंडेपाशी येऊन थांबतात. तो डास दुसऱ्या कुत्र्याला चावताना या अळ्या त्वचेवर उतरतात आणि सोंडेने पाडलेल्या छिद्रातून आत शिरतात. डासाच्या शरीरातला हा टप्पा टाळता येत नाही. म्हणून बाधित कुत्र्याबरोबर खेळल्याने किंवा त्याच्या भांड्यात खाल्ल्याने रोग होत नाही, आणि त्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्याला चढवले तरी त्यातले सूक्ष्मकृमी तिथे प्रौढ होऊ शकत नाहीत. आत शिरलेली अळी तीन ते बारा दिवसांत चौथ्या अवस्थेत जाते, पुढचे दीड-दोन महिने त्वचेखाली आणि स्नायूंत वाढत राहते, मग शिरेत शिरून रक्ताबरोबर फुप्फुसधमनीत पोचते, आणि दंशापासून साधारण सहा-सात महिन्यांनी मादी स्वतःचे सूक्ष्मकृमी सोडू लागते. या वेळापत्रकातले दोन आकडे पुढच्या सगळ्या चर्चेसाठी लक्षात ठेवावे लागतात: पहिले दीड-दोन महिने अळी कोवळी असते, आणि रक्ततपासणीत रोग दिसायला सहा-सात महिने लागतात.

डासाच्या पोटातली वाढ तापमानावर चालते, आणि हा हिशेब मोठा मजेदार आहे. १४ अंश सेल्सिअसखाली अळीची वाढ थांबते. त्यावरचा प्रत्येक अंश रोज तिच्या खात्यात जमा होतो, आणि अशी सुमारे १३० ‘अंश-दिवसां’ची शिल्लक झाली की अळी दंशासाठी तयार होते. दिवसरात्रीची सरासरी २७ अंश असेल, तर रोज १३ अंश जमा होतात आणि दहा दिवसांत काम होते. सरासरी १८ असेल, तर रोज चारच जमा होतात आणि त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. डासाचे आयुष्यच मुळी एवढेसे असते की इतका वेळ थांबणे त्याला बहुधा जमत नाही. उत्तर अमेरिकेत आणि कॅनडात हिवाळ्याचे कित्येक महिने रोगाचा प्रसार थांबतो तो याच गणिताने, आणि १९९८ मध्ये नाइट आणि लोक या अमेरिकी संशोधकांनी याच आधारावर असे मांडले की थंड प्रदेशांत बारा महिने औषध देण्याची गरज नाही. पुण्यात मात्र ऐन डिसेंबरातही सरासरी विशीच्या आसपास राहते, म्हणजे तीन आठवड्यांत अळी तयार होऊ शकते, आणि मुंबईच्या जानेवारीत तर त्याहून लवकर. महाराष्ट्राच्या हवेने या कृमीला कुठेच अडवलेले नाही. तरीही हवा अनुकूल असणे आणि रोग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण डासाला आधी चावायला बाधित कुत्रे मिळावे लागते.

औषधाविषयीचा जो मुद्दा सर्वांत जास्त वेळा निसटतो, तो असा की महिन्याची गोळी पुढच्या महिन्यासाठी नसते, मागच्या महिन्यासाठी असते. आयव्हरमेक्टिन किंवा मिल्बेमायसिन कुत्र्याच्या शरीरातून काही दिवसांत बाहेर पडते. पंधरा दिवसांनी चावलेल्या डासाला अडवायला ते तिथे उरलेलेच नसते. ते मारते ते गोळी पोटात गेली त्या दिवशी शरीरात असलेल्या, गेल्या महिनाभरात शिरलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेच्या अळ्यांना. म्हणूनच ‘प्रतिबंधक’ हा शब्द थोडा फसवा आहे. प्रत्यक्षात ही दर महिन्याला केलेली साफसफाई असते. एक तारखेला गोळी दिली आणि दहा तारखेला कुत्र्याला बाधित डास चावला, तर त्या अळीचा बंदोबस्त पुढच्या एक तारखेला होतो. अळी साधारण दोन महिन्यांची झाली की मात्र ती या सौम्य मात्रेला दाद देत नाही. एखादी गोळी आठ-दहा दिवस उशिरा दिली तर आभाळ कोसळत नाही, आणि दोन लागोपाठ चुकल्या तर पुढच्या दहा गोळ्याही ती चूक भरून काढत नाहीत, या दोन्ही गोष्टींचा उलगडा इथे होतो. काही श्वानपालक हा अवकाश पाहून गोळी मुद्दाम पंचेचाळीस दिवसांनी देतात. हिशेबाच्या दृष्टीने ते अगदीच चुकीचे म्हणता येत नाही, पण उत्पादकांनी ठेवलेली ही सवड विसरभोळेपणासाठी आहे. ती आधीच वापरून टाकली तर विसरायला जागा उरत नाही.

आयव्हरमेक्टिनचे मूळ जपानच्या मातीत आहे. इतो शहराजवळच्या कवाना येथून गोळा केलेल्या मातीतील एका जिवाणूपासून सातोशी ओमुरा यांनी या शोधाची सुरुवात केली, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातले कृमिनाशक द्रव्य ओळखले, आणि २०१५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा या दोघांकडे गेला. कुत्र्यांसाठीची महिन्याची गोळी अमेरिकेत १९८७ मध्ये बाजारात आली. त्याआधी डायइथाइलकार्बामेझिन, म्हणजे आपल्याकडे हत्तीरोगासाठी परिचित असलेले तेच डीईसी, रोज न चुकता द्यावे लागे, आणि रक्तात सूक्ष्मकृमी असलेल्या कुत्र्याला ते दिले गेले तर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येत असे.

नव्या गोळीची मात्रा किती लहान आहे, हे उदाहरणाने पाहण्यासारखे आहे. किलोमागे सहा मायक्रोग्रॅम या हिशेबाने वीस किलोच्या कुत्र्याला महिन्याला १२० मायक्रोग्रॅम लागतात. गुरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरात दहा हजार मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे या कुत्र्याची महिन्याची मात्रा त्या बाटलीतल्या एका मिलिलिटरचा जेमतेम शंभरावा भाग भरेल. खरूज आणि तत्सम त्वचारोगांवर हेच औषध किलोमागे दोनशे ते सहाशे मायक्रोग्रॅम, म्हणजे तीस ते शंभर पट दिले जाते. आयव्हरमेक्टिनने कुत्रे दगावल्याच्या ज्या गोष्टी कानावर येतात, त्या ऐकताना आधी मात्रा विचारावी. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग अशा काही जातींच्या कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो; हे जनुक मेंदूच्या दारावरच्या रखवालदाराचे काम करते आणि ते बिघडले की औषध मेंदूत साठते. हा दोष २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात ओळखला गेला. दोष असलेल्या कोलीलाही सहा मायक्रोग्रॅमची मात्रा सोसते. धोका सुरू होतो तो शंभरच्या पुढे. धोका औषधाच्या नावात नाही, गुरांच्या बाटलीतून अंदाजाने सिरिंज भरणाऱ्या हातात आहे.

याचा अर्थ आक्षेप सगळेच पोकळ आहेत असा नाही. सहा महिने टिकणारे मॉक्सिडेक्टिनचे इंजेक्शन, प्रोहार्ट ६, अमेरिकेत २००१ मध्ये आले, दुष्परिणामांच्या तक्रारींनंतर तिथल्या औषध प्रशासनाच्या सांगण्यावरून २००४ मध्ये ते बाजारातून परत घेतले गेले, आणि २००८ मध्ये अटींसह पुन्हा आले. गोळी थांबवता येते, टोचलेले औषध परत काढता येत नाही, हे साधे सत्य त्यातून अधोरेखित झाले. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातून मिळालेले काही कृमी नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत, हेही प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. तिसरा मुद्दा हितसंबंधांचा. बारा महिने गोळी आणि वर्षाला एक तपासणी असा सल्ला देणाऱ्या, १९७४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन हार्टवर्म सोसायटीला औषध कंपन्यांचे अर्थसाहाय्य मिळते, ही उघड गोष्ट आहे. सल्ला त्यामुळे खोटा ठरत नाही, पण तो कोणत्या प्रदेशासाठी अपरिहार्य आणि कोणत्या प्रदेशासाठी सोयीचा आहे, हे वाचकाने स्वतः तपासावे एवढे त्यातून निश्चित निघते.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात उपचार ठेवावे लागतात, आणि तिथे शंका फारशी उरत नाही. प्रौढ कृमी मारणारे मेलार्सोमाइन हे आर्सेनिकचे, म्हणजे सोमलाच्या कुळातले औषध कमरेच्या स्नायूत खोलवर टोचतात. त्याआधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन देतात, कारण या कृमीच्या शरीरात व्होल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते मेले की कृमी दुबळा होतो. मग साठाव्या, नव्वदाव्या आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी अशी तीन इंजेक्शने. खरा धोका औषध लागू पडल्यावर सुरू होतो: मेलेल्या कृमींचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसांत जाऊन अडकतात, आणि कुत्रे धावले, उड्या मारू लागले की त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून दारावरची घंटा वाजली की उसळणाऱ्या जनावराला कित्येक महिने पट्ट्याला बांधून किंवा पिंजऱ्यात ठेवून शांत राखावे लागते, आणि ज्यांनी लॅब्रॅडॉर पाळला आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कृमींचा गुंता हृदयातच अडकला, तर मानेच्या शिरेतून चिमटा घालून ते एकेक करून ओढून काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. मांजरालाही हा रोग होतो, आणि त्याच्यासाठी मेलार्सोमाइन वापरता येत नाही.

आता भूगोल. टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंतचा मेक्सिकोच्या आखाताचा किनारा आणि मिसिसिपीचे खोरे हा या रोगाचा बालेकिल्ला. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर तिथून सोडवलेल्या कुत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्मी बाधित निघाली. ती देशभर दत्तक गेली आणि जिथे रोग क्वचित होता अशा राज्यांतही कृमी पोचले. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरात कुत्रे आले असेल, तर तिथे बारा महिने गोळी द्यावी की नाही हा चर्चेचा विषयच नाही. मिनेसोटात किंवा टोरांटोत हिवाळ्याचे महिने वगळणे शास्त्राला धरून आहे, फक्त शेवटची गोळी डास संपल्यावर महिन्याभराने द्यावी लागते, कारण ती मागचे साफ करते. दोन्हीकडे वर्षातून एकदा प्रतिजन चाचणी हवी. प्रौढ मादीच्या शरीरातून सुटणारे एक प्रथिन ती रक्तात शोधते, म्हणून सहा-सात महिन्यांहून ताजी लागण तिला दिसत नाही.

भारतात चित्र वेगळे आहे. डायरोफिलेरिया इमिटिसच्या ठळक नोंदी प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांतल्या आहेत. मुंबईसह पश्चिम आणि दक्षिण भारतात कुत्र्याच्या रक्तात सूक्ष्मकृमी सापडले, तर ते बहुधा त्याच्या दोन नातेवाइकांचे असतात. पहिला डायरोफिलेरिया रेपेन्स, हाही डासांतून येतो पण त्वचेखाली राहतो, हृदयाला हात लावत नाही. त्याचा उपद्रव माणसालाही होतो, आणि केरळात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर वळवळणारा कृमी काढल्याच्या कितीतरी नोंदी आहेत. दुसरा अकँथोकिलोनेमा रेकॉन्डिटम, हा पिसवांतून येतो आणि कुत्र्याला फारसा त्रास देत नाही. काचपट्टीवर घेतलेल्या ताज्या रक्ताच्या थेंबात अनुभवी डोळ्याला फरक जाणवतो: हृदयकृमीचे पिल्लू जागच्या जागी वळवळते, रेकॉन्डिटमचे तांबड्या पेशी बाजूला सारत नजरेच्या टप्प्यातून आरपार निघून जाते. नक्की निदानासाठी मात्र नॉट पद्धत वापरतात. एक मिलिलिटर रक्त पातळ फॉर्मॅलिनमध्ये मिसळून फिरवतात, तळाचा गाळ निळ्या रंगात बुडवतात आणि सूक्ष्मकृमीची लांबी, डोके व शेपूट पाहतात. शेपूट सरळ की आकड्यासारखे वळलेले, एवढ्यावर पुढचा उपचार बदलतो.

म्हणून पुण्या-मुंबईतल्या कुत्र्यासाठी अमेरिकी वेळापत्रक जसेच्या तसे उचलण्यापेक्षा स्थानिक पशुवैद्याला दोन प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे: त्याच्या तपासणीत सूक्ष्मकृमी आढळतात का, आणि आढळतात तर कोणते. रेपेन्सचे प्रमाण जास्त असेल, तर मॉक्सिडेक्टिनयुक्त औषधाला अर्थ आहे, कारण ते त्यावरही चालते. रेकॉन्डिटम असेल, तर पिसवांचा बंदोबस्त पुरतो. आणि काही देण्याआधी वेष्टन वाचावे. ‘जंताची गोळी दर तीन महिन्यांनी देतो’ असे म्हणणारे बहुतेक जण प्राझिक्वांटेल आणि पायरँटेल यांची गोळी देत असतात; ती आतड्यातल्या जंतांवर उत्तम असली तरी रक्तवाहिनीकडे निघालेल्या अळीला ती काहीही करत नाही. उलट, गोचीड-पिसवांसाठी आणलेल्या काही चघळण्याच्या गोळ्यांत मिल्बेमायसिन आधीच असते आणि जवळपास तसेच नाव असलेल्या दुसऱ्या गोळीत नसते, त्यामुळे कित्येक घरांत हृदयकृमीचे औषध सुरू आहे की नाही, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसते.

हल्ली कुत्री माणसांबरोबर विमानानेही ये-जा करतात, आणि हिशेबाची खरी कसोटी तिथे लागते. पुण्याहून ह्यूस्टनला गेलेल्या कुत्र्याची तिथे पोचल्यावर तपासणी करून महिन्याच्या आत पहिली गोळी सुरू करावी. उलट प्रवासात, ह्यूस्टनमधली वर्षे संपवून कोथरूडला परतणाऱ्या कुटुंबाला वाटते की निघण्याच्या सकाळी दिलेली गोळी ही शेवटची. पण त्या संध्याकाळी विमानतळावर जाण्याआधी अंगणात चावलेल्या डासाचा हिशेब अजून बाकी असतो. म्हणून एक गोळी सामानात ठेवून ती पुण्यात, घर लावून झाल्यावर, महिना पुरा व्हायच्या आत द्यावी लागते, आणि प्रतिजन चाचणी त्यानंतर सात महिन्यांनी.